एकाच रॅकमध्ये वेगवेगळ्या जातींचे साप ठेवावेत का?

इंदिरानगरकर
माझ्याकडे तीन बॉल पायथन आणि चार कॉर्न स्नेक आहेत. आजवर ते दोन स्वतंत्र रॅकमध्ये, म्हणजे एकेक साप ठेवलेले टब खणांत सरकवायच्या मांडणीत, होते. परंतु नव्या सदनिकेत त्यांच्यासाठी वरच्या मजल्यावरची एकच लहान खोली मोकळी असल्याने, अंबडच्या एका वर्कशॉपमधून बारा टबांचा एकच रॅक बनवून घ्यावा असा माझा विचार आहे. उरलेल्या टबांत पुढे एखादा बोआ आणि कॅलिफोर्निया किंगस्नेक ठेवता येईल. नाशिकमधील दोन अनुभवी मित्रांनी मात्र ‘एका रॅकमध्ये एकच जात’ हा नियम मोडू नये असे बजावले आहे. एका टबात दोन जाती ठेवणे चूकच आहे आणि किंगस्नेक इतर सापांना खातो हेही मी जाणतो. पण प्रत्येकाचा टब वेगळा आणि घट्ट बंद असताना शेजारी कोण आहे याने काय बिघडते? एका इमारतीत नाना तऱ्हेची बिऱ्हाडे सुखाने राहतातच की.

पंचवटीचा रहिवासी
आपलाच दाखला पुढे नेतो. या इमारतीत सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एकच शेगडी आहे आणि तिची कळ एकाच घरात आहे. साध्या रॅकमध्ये मागच्या बाजूने एक हीट टेप, म्हणजे विजेवर तापणारी पट्टी, फिरते आणि एक थर्मोस्टॅट तापमान पाहून ती चालू-बंद करतो. त्याचा प्रोब, म्हणजे तापमान टिपणारे वायरचे टोक, जिथे असेल तिथलेच तापमान त्याला कळते. बॉल पायथनला गरम बाजू ३१ ते ३३ अंश आणि थंड बाजू २५ ते २७ अंश लागते. कॉर्न स्नेकला गरम बाजू २८ ते ३० अंश पुरते आणि थंड बाजू २१ ते २४ अंश असलेली बरी. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण नाशिकच्या हवेत तो किरकोळ राहत नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो, तेव्हा टेप टबाचा तळ तापवते, खोलीतली हवा नव्हे; अशा रात्री माझ्या खालच्या टबाची थंड बाजू पहाटे १८ अंशांवर आलेली मी पाहिली आहे. कॉर्न स्नेक ते निभावून नेतो, बॉल पायथन मात्र नाकातोंडातून फेस काढू लागतो. एप्रिलमध्ये याच्या उलट घडते. स्लॅबखालच्या खोलीत दुपारी ३६ अंश होतात, टेप बंद असते आणि कोणत्याच टबात थंड बाजू म्हणून काही उरत नाही. त्या दिवसांत कॉर्न स्नेकला पायथनपेक्षा जास्त त्रास होतो. रॅकची चर्चा नेहमी ‘कसे तापवायचे’ एवढ्यावरच थांबते. आपल्याकडे वर्षातले निदान दोन-अडीच महिने प्रश्न गार ठेवण्याचा असतो.

इंदिरानगरकर
उन्हाळ्याचा मुद्दा मान्य आहे, पण तो एकजातीय रॅकलाही लागू आहे. तिथेही कूलर किंवा एसी लावावाच लागेल. आर्द्रतेबाबत म्हणाल तर ती टबाच्या भोकांवर ठरवता येते. पायथनच्या टबाला कमी भोके, कॉर्नच्या टबाला जास्त, एवढे केले की काम भागते. मग रॅक वेगळा कशासाठी?

ओझरचा मेकॅनिक
मी रॅक बनवतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. दोष रॅकचा नाही, एकाच थर्मोस्टॅटवर सगळा भार टाकण्याचा आहे. दोन चॅनलचा, म्हणजे दोन टेपा स्वतंत्रपणे सांभाळणारा थर्मोस्टॅट घ्यावा आणि वरच्या तीन थरांची टेप एका चॅनलवर, खालच्या तीन थरांची दुसऱ्यावर घ्यावी. गरम हवा वर जात असल्याने वरचे थर आपोआप अधिक उबदार राहतात. बंद खोलीत सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या टबात मला इन्फ्रारेड गनने साडेतीन अंशांपर्यंत फरक मिळाला आहे. एकाच जातीच्या रॅकमध्ये हा फरक अडचण ठरतो, पण मिश्र रॅकमध्ये पायथन वर आणि कॉर्न खाली ठेवले की तोच कामी येतो. म्हणून पंचवटीच्या मित्रांचे म्हणणे मला अर्धेच पटते. एक कबुलीही देतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या रॅकमध्ये प्रोबची चिकटपट्टी सुटली आणि प्रोब रॅकच्या मागे लोंबकळत राहिला. थर्मोस्टॅटला वाटले थंडी आहे, म्हणून टेप रात्रभर चालू राहिली. सकाळी एका पायथनच्या पोटाचे खवले लालसर होऊन पाणावले होते. तापलेल्या जागेवरून साप आपणहून बाजूला सरकेल, या भरवशावर कोणी राहू नये.

सिडकोतील पशुवैद्यक
आतापर्यंतची चर्चा उष्णतेभोवतीच फिरली, पण माझी हरकत वेगळी आहे. सापांवरचा माइट हा बारीक परजीवी, ऑफिओनिसस नॅट्रिसिस, रक्त पिऊन झाल्यावर अंडी घालण्यासाठी सापाला सोडून अंधाऱ्या, दमट फटीत जातो. प्लायवुडच्या रॅकमध्ये अशा फटींना तोटा नसतो, आणि टब कितीही घट्ट असला तरी हवेसाठी भोके असतातच. पाण्याच्या वाटीत मोहरीहून बारीक काळे ठिपके बुडालेले दिसले, तर समजावे की प्रादुर्भाव एका टबाचा नसून रॅकचा आहे. आता यात बोआ आणून ठेवा. बोआंमध्ये इन्क्लूजन बॉडी डिसीज हा रेप्टारेनाव्हायरसमुळे होणारा आजार असतो आणि बाधित बोआ वर्षानुवर्षे निरोगी दिसू शकतो. तोच विषाणू पायथनमध्ये गेला तर मान वाकडी होणे, तोल जाणे, उलटे पडल्यावर सरळ होता न येणे अशी लक्षणे फार लवकर दिसू लागतात. तो पसरवण्यात माइटचा हात असावा असा संशय आहे. म्हणून पायथनच्या रॅकमध्ये बोआ ठेवू नये, एवढे मी स्पष्ट सांगते. त्यासाठी कितीही चॅनलचा थर्मोस्टॅट उपयोगी नाही.

गंगापूर रोडचा ब्रीडर
डॉक्टर, आपल्याविषयी आदर ठेवूनच लिहितो, पण या तर्काने कोणताच रॅक वापरता येणार नाही. माइट जात पाहून चावत नाही. माझ्याकडे एका रॅकमध्ये वीस बॉल पायथन आहेत. नव्या सापाबरोबर माइट किंवा निडोव्हायरस हा श्वसनाचा आजार करणारा विषाणू आला तर तिथेही तितकाच हाहाकार होईल, उलट सगळेच एका आजाराला सारखे बळी पडतील. खरा नियम तीन महिन्यांच्या विलगीकरणाचा आहे. नवा साप वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्याने खाऊ घालून, पांढऱ्या टिश्यूपेपरवर ठेवायचा. तो न पाळता केवळ जाती वेगळ्या केल्याचे समाधान मानणे म्हणजे दार उघडे टाकून खिडकीला कडी लावणे आहे.

सिडकोतील पशुवैद्यक
विलगीकरणाबाबत दुमत नाही. परंतु तीन महिन्यांत माइट दिसतो, मूक वाहक असलेला बोआ दिसत नाही. पायथनकडून पायथनला होणारा आजार निदान लक्षणांनी लवकर ओळखता येतो. इथे ज्याच्याकडून धोका आहे तोच शेवटपर्यंत धडधाकट दिसतो. चाचणी करून घेतली तरी एकदा नकारार्थी आली म्हणून निश्चिंत होता येत नाही.

मेरीचा नोंदवहीवाला
एक छोटी भर. बॉल पायथन आणि बोआ हे साइट्स या वन्यजीव-व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते आणि जन्म, मृत्यू, हस्तांतरणही कळवावे लागते. कॉर्न स्नेक आणि कॅलिफोर्निया किंगस्नेक त्या परिशिष्टांत नाहीत. मिश्र रॅकमध्ये टबांची अदलाबदल सहज होते, म्हणून जात आणि नोंदणीची चिठ्ठी टबाला नव्हे तर रॅकच्या खणाला लावण्याची चूक करू नये.

इंदिरानगरकर
बोआचा विचार मी सोडला आहे. डॉक्टरांच्या उत्तरावर माझ्याकडे प्रत्युत्तर नाही. किंगस्नेकसाठी कुलूप असलेला स्वतंत्र टब, तोही दुसऱ्या खोलीत. पायथन आणि कॉर्न यांच्याबाबत मात्र मी मत बदललेले नाही: सहा थरांचा एकच रॅक, प्लायवुडऐवजी पीव्हीसीचा, दोन चॅनलचा, पायथन वर. पंचवटीच्या मित्रांना हे पटणार नाही याची कल्पना आहे.

पंचवटीचा रहिवासी
पटले नाहीच. वरच्या थरांत पायथन ठेवले तरी मे महिन्यात स्लॅबची सगळी उष्णता त्याच थरांवर उतरेल आणि खालचे कॉर्नही फार सुटणार नाहीत. निदान पहिला उन्हाळा खोलीत कमाल-किमान तापमापी लावून मगच रॅकची ऑर्डर द्यावी.

ओझरचा मेकॅनिक
तापमापी एक नको, दोन लावा. एक वरच्या थरापाशी, एक खालच्या. आणि प्रोब टबाच्या आत ठेवू नका. पाण्याची वाटी सांडली की ओला प्रोब खोटे आकडे देतो. तो टबाखाली टेपवर ॲल्युमिनियमच्या पट्टीने चिकटवा आणि दर रविवारी बोटाने ओढून पाहा.