बंदीमुळे गाणे गाजते का? पंक सिंगलच्या प्रकाशनाविषयी प्रश्न

घोडबंदरकर:
आमच्या पंक (बंडखोर, आक्रमक रॉक) बँडचे पहिले मराठी सिंगल, म्हणजे सुटे प्रकाशित होणारे गाणे, तयार आहे. ठाणे स्थानकाच्या पुलावरील गर्दीवर ते बेतलेले आहे. आमच्या ड्रमरचे म्हणणे असे, की प्रकाशनाच्या वेळी मुद्दाम वाद ओढवून घ्यावा. सेक्स पिस्टल्स या ब्रिटिश पंक बँडच्या, राजघराण्यावर तोंडसुख घेणाऱ्या ‘गॉड सेव्ह द क्वीन’वर बंदी आली म्हणूनच ते गाजले, असा दाखला तो देतो. यात कितपत तथ्य आहे? जाणकारांनी कृपया सांगावे.

नेरूळचा श्रोता:
तथ्य आहे, पण अर्धेच. मार्च १९७७ मध्ये या बँडने बकिंगहॅम राजवाड्याबाहेर ए अँड एम या रेकॉर्ड कंपनीशी गाजावाजा करून करार केला आणि आठवड्याच्या आत कंपनीने तो मोडला. या गाण्याच्या सुमारे २५,००० प्रती छापून झाल्या होत्या. त्यांतील बहुतेक नष्ट करण्यात आल्या. म्हणजे वादाने पहिल्या खेपेस गाण्याचा गळाच घोटला. पुढे व्हर्जिन या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीने २७ मे रोजी, राणीच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवाच्या ऐन तोंडावर, ते बाजारात आणले. बीबीसीने ते वाजवण्यास नकार दिला, काही मोठ्या दुकानांनी ते ठेवलेच नाही, तरीही ब्रिटनमधील खपाच्या अधिकृत यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. पहिल्या क्रमांकावर गायक रॉड स्टुअर्ट होते. यादीत हेराफेरी झाल्याचा संशय आजही घेतला जातो. तो सिद्ध झालेला नाही. मात्र त्याच जूनमध्ये बँडचे गायक जॉन लायडन यांच्यावर रस्त्यात धारदार शस्त्रांनी हल्ला झाला, हेही आपल्या ड्रमरला अवश्य सांगावे.

कळव्याची कॅसेट:
वरील प्रतिसादाशी सहमत आहे. फक्त गाण्याची बाजू राहून गेली. निर्माते क्रिस थॉमस यांनी बँडचे गिटारवादक स्टीव्ह जोन्स यांच्या गिटारचे थरावर थर चढवून जो भरीव आवाज उभा केला, तो नसता तर निव्वळ शिवराळपणा कोणी विकत घेतला नसता.

वाशी खाडीपलीकडे:
मला दाखलाच चुकीचा वाटतो. गाणे कोणी वाजवतच नसेल, तर त्यावर बंदी घालणार कोण? आपल्यासारख्यांनी मँचेस्टरच्या बझकॉक्स या पंक बँडकडे पाहावे. त्यांनी ओळखीपाळखीतून सुमारे ५०० पौंड उसने घेतले, डिसेंबर १९७६ च्या अखेरीस चार गाणी ध्वनिमुद्रित केली आणि जानेवारी १९७७ मध्ये न्यू हॉर्मोन्स या स्वतःच्याच लेबलवर (रेकॉर्ड कंपनीच्या नावाने) ‘स्पायरल स्क्रॅच’ ही रेकॉर्ड काढली. पहिली छपाई अवघ्या १,००० प्रतींची होती. ती संपली, पुन्हा छापावी लागली आणि विक्री अखेर १६,००० च्या आसपास गेली. मला तिचे वेष्टन विशेष आवडते. कोणते गाणे कितव्या टेकला (ध्वनिमुद्रणाच्या प्रयत्नाला) जमले, त्यावर नंतर गिटार चढवली की नाही, हे त्यावर सरळ छापले आहे. ‘ब्रेकडाउन’ तिसऱ्या टेकचे, वरून काहीही न चढवलेले. रेकॉर्ड काढणे आपल्यालाही जमेल, असे कित्येक पोरांना त्यावरून वाटले. वादासाठी लागणारा वेळ आपण अशा वेष्टनावर खर्च करावा.

घोडबंदरकर:
सर्वांचे आभार. वादाचा बेत रद्द केला आहे. वेष्टनाची कल्पना सर्वांना पटली. मात्र किती टेक लागले, हे छापण्यास ड्रमरच तयार नाही.