केळ्याचा वास यीस्टचाच

गव्हाच्या बिअरमध्ये केळ्याचा इसेन्स घालतात, असा अंदाज इथे कुणीतरी केला होता, तो पटला नाही. हेफेवायझेनमधला (जर्मन गव्हाची बिअर) केळ्याचा वास यीस्टच आंबताना तयार करतं (केळ्याच्या वासाचं संयुग, आयसोअमाइल अ‍ॅसिटेट), लवंगेचा वासही त्याचाच. आंबवण्याची टाकी 22 अंश सेल्सिअसच्या वर गेली की केळं वाढतं, 17-18 ला लवंग जास्त जाणवते. बेल्जियन विटबिअरमध्ये (हीही गव्हाचीच) मात्र धणे आणि संत्र्याची साल खरोखर घालतात.

इंदुरात सॅम्पलर (छोट्या ग्लासांत निरनिराळ्या बिअर) मागवलात तर आयपीए (हॉप्स या फुलांमुळे जास्त कडवट असलेली बिअर) शेवटी घ्या, नाहीतर त्यानंतरची विटबिअर निव्वळ पाणी लागते. आणि समोर लसणाची शेव असेल (इथे ती असतेच!) तर आयपीए नकोच, हॉप्सच्या कडवटपणाने तिखट आणखी झोंबतं. तिथे हेफेवायझेन बरी. स्टाउट (भाजलेल्या धान्याची काळी बिअर) बर्फगार आली तर थोडा वेळ तशीच राहू द्या, कॉफी-चॉकलेटची चव 10-12 अंशांना कळते.