पेनिसिलिन-जी साठी स्टर्ड टँक इतक्यात सोडू नका
पॅक्ड कॉलममध्ये (एन्झाइम बसवलेले मणी ठासून भरलेल्या नळीत) रूपांतर जास्त मिळतं, म्हणजे कच्च्या मालाचा जास्त भाग उत्पादनात बदलतो, म्हणून स्टर्ड टँक (तेच मणी द्रावणात ढवळत ठेवणारी टाकी) सोडूनच द्यावा, हे तुमचं मत मला पेनिसिलिन-जी पासून ६-एपीए (इतर पेनिसिलिनं बनवायचा मूळ रेणू) करताना तरी पटत नाही. या अभिक्रियेत फेनिलअ‍ॅसेटिक आम्ल सुटतं. त्यामुळे कॉलममध्ये द्रावण पुढे सरकेल तसा पीएच घसरत जातो, आणि अल्कली मधेच कुठून घालणार? टँकमध्ये पीएच मोजणारा प्रोब आणि मोजून अल्कली सोडणारा डोझिंग पंप लावून पीएच ८ च्या आसपास धरून ठेवता येतो. मात्र अल्कलीची नळी जिथे सुटते ती जागा नीट बघा. तिथे ढवळणं कमी पडलं तर पीएच एकदम चढतो, पेनिसिलिनचं विघटन होतं आणि एन्झाइमही निकामी होतं. ढवळणं वाढवलं तर मणी झिजतात, त्यांचा चुरा तळाच्या जाळीत अडकतो. खरी कसरत इथेच आहे.

तुमचा रूपांतराचा मुद्दा मात्र बरोबर आहे. एकाच टँकमध्ये सतत प्रवाह ठेवला की अख्ख्या टाकीत बाहेर पडणाऱ्या द्रावणाइतकंच आम्ल आणि ६-एपीए असतं, आणि हे दोन्ही पदार्थ एन्झाइमचं काम अडवतात. म्हणून दोन-तीन टँक ओळीने लावा, किंवा सतत प्रवाहाऐवजी एकेक बॅच काढून तेच मणी पुन्हा वापरा.

नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीचा विषय तुम्ही काढलाच आहे म्हणून सांगते: टँक थंड ठेवायला मे महिन्यातल्या ४५ अंशांची धास्ती घेऊ नका. हवा कोरडी असते, त्यामुळे पाणी गार करणारा कूलिंग टॉवर आपल्या घरच्या कूलरसारखाच छान चालतो. जॅकेटच्या (टाकीभोवतीच्या आवरणातून फिरणाऱ्या) पाण्याकडे जास्त लक्ष जुलैत, दमट हवेत द्यावं लागतं.