हे नुसतं मुंबई-दिल्लीचं दुखणं नाही, भाऊ

वर एका भाऊंनी लिहिलं की दहशतवाद हे मोठ्या शहरांचं दुखणं, आपल्या खेड्यात त्याचं काय? भाऊ, १४ फेब्रुवारी २०१९ ला काश्मीरातल्या पुलवाम्यात दहशतवादी हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान गेले, त्यातले दोघं आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले. एक मलकापूरचे, दुसरे लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे.

तेव्हा चौकाचौकात फ्लेक्स लागले, पहिल्या पावसात फाटलेही. उपकार मानायचेच तर गावातल्या फौजीच्या म्हाताऱ्या आईबापाचं पाहा. तूर सोंगायला मजूर मिळत नसला तर दोन पोरं धाडा, तहसिलीतल्या चकरा त्यांच्यासाठी तुम्ही मारा. मी हे आजवर एकदाच केलं, खोटं कशाला बोलू!

अन् सावध राहणं म्हणजे बाहेरगावच्या चादरीवाल्याला घेरून आधार कार्ड मागणं नव्हे. बेवारस पिशवी दिसली तर हात लावू नका, लोकांना दूर करा, ११२ लावा. आमच्या एसटी स्टँडवर बाजाराच्या दिवशी तशी एक निघाली होती. आत अंबाडीची भाजी अन् कोणाच्या तरी चपला! सगळे हसले, पण आलेला हवालदार म्हणे, ‘पुढच्या वेळीही असाच फोन करा.’