प्रोस्टेटची सूज, पीएसए आणि वंध्यत्व
प्रोस्टेटला (पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीला) सूज आली म्हणजे पुढे कर्करोग होणारच का, या आपल्या प्रश्नाला थोडी जोड देतो. सांगलीत माझ्या चुलतभावाचा पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून येणाऱ्या प्रथिनाचे रक्तातील प्रमाण, 4 च्या वर गेला, तेव्हा घरात सगळ्यांनी कर्करोगच गृहीत धरला. परंतु संसर्गामुळे आलेल्या सुजेनेही हा आकडा वाढतो, म्हणून उपचारांनंतर काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. डी मार्झो हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये सुजेलगतच्या आक्रसलेल्या ग्रंथीभागात पेशी वेगाने वाढत असल्याचे दाखवून कर्करोगाशी दुवा सुचवला, तरी कार्यकारणसंबंध अद्याप सिद्ध झालेला नाही. वंध्यत्वाचे मात्र गांभीर्याने घ्यावे. प्रोस्टेटच्या सुजेत वीर्यात पांढऱ्या पेशी वाढल्या, की त्यांतून निघणारे ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू शुक्राणूंचे आवरण व डीएनए बिघडवू शकतात, तेही कोणतेच लक्षण नसताना. आणि आपल्याकडे अजूनही आधी तपासणी होते ती सुनेची, हे मला फार खुपते.