जुन्या फ्लॅटची कागदपत्रे लावून ठेवण्याबाबत मार्गदर्शन हवे आहे

पूर्वमुलुंड यांचा प्रश्न:

आमचा मुलुंड पूर्वेचा फ्लॅट आईवडिलांनी १९९६ साली पुनर्विक्रीत घेतला. मूळ मालकाने तो १९८३ मध्ये थेट बिल्डरकडून घेतला होता. आता सोसायटीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत आणि समितीने प्रत्येक सभासदाकडून करारनामा, शेअर सर्टिफिकेट व आधीच्या करारांची साखळी यांच्या छायाप्रती मागवल्या आहेत. त्यानिमित्ताने माळ्यावरची सूटकेस खाली काढली, तर तीत पुढील गोष्टी निघाल्या: पाच रुपयांच्या स्टॅम्प पेपरवरचा १९८३ चा करार, ज्याच्या घड्या विरल्या आहेत आणि टाचण्यांना गंज चढला आहे, १९९६ च्या कराराची झेरॉक्स व नोंदणीची पावती, मात्र मूळ करार कुठेच नाही, शेअर सर्टिफिकेट, आणि गेल्या जवळपास तीस वर्षांतील विजेची बिले, मेंटेनन्सच्या पावत्या, रंगकाम व प्लंबिंगची बिले असा मोठा ढीग.

यातील काय जपावे आणि काय रद्दीत द्यावे? धाकट्या भावाचे म्हणणे असे की महत्त्वाचे सगळे लॅमिनेट करून टाकावे आणि बाकीचे स्कॅन करून मोकळे व्हावे. शिवाय कांजूरमार्गला आमचा दुसरा फ्लॅट गृहकर्जावर आहे. त्याची मूळ कागदपत्रे बँकेकडे आहेत आणि आमच्याजवळ केवळ छायाप्रती आहेत. त्या फाइलमध्ये काय असायला हवे, हेही कृपया सांगावे.

दस्तऐवजी यांचे उत्तर:

बहुतेक लोक कागद प्रकाराप्रमाणे लावतात, म्हणजे बिले एका फाइलमध्ये आणि करार दुसऱ्या फाइलमध्ये. माझ्या मते आधी एकच प्रश्न विचारावा: हा कागद उद्या नाहीसा झाला तर तो पुन्हा कुठून मिळेल? या कसोटीवर तुमची सूटकेस पाहिली तर क्रम थोडा अनपेक्षित लागतो.

सर्वांत मोलाचा कागद आहे तो विरलेला १९८३ चा करार. ताबा देणारा विक्री करार मुद्रांक शुल्काच्या दृष्टीने खरेदीखतासारखाच धरण्याची तरतूद महाराष्ट्रात १० डिसेंबर १९८५ पासून लागू झाली. त्यापूर्वीचे असंख्य करार पाच रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर झालेले आहेत, त्यामुळे त्या कागदाकडे पाहून घाबरू नये. मात्र बिल्डरकडून होणाऱ्या फ्लॅटविक्रीसंबंधीच्या १९६३ च्या मोफा कायद्याने नोंदणी सक्तीची केलेली असूनही त्या काळी अनेक करार नोंदवले जात नसत. तुमचा करार तसा असेल, तर त्याची नक्कल कोणत्याही सरकारी कार्यालयात नाही आणि साखळीतील पहिली कडी म्हणजे तुमच्या हातातला तेवढाच एक कागद आहे. दिसायला तो सर्वांत फाटका असल्यामुळे घराच्या साफसफाईत पहिला बळी त्याचाच जातो, हे अनेक घरांत पाहिले आहे.

उलट, नोंदवलेला करार हरवला तरी त्याची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते आणि नोंदणी कायद्यानुसार ती मूळ दस्तातील मजकुराचा पुरावा म्हणून ग्राह्य असते. तुमच्या १९९६ च्या कराराबाबत एक शक्यता आधी तपासा. संगणकीकरणापूर्वी मुंबईत नोंदणीसाठी सादर केलेले दस्त छायाचित्रणासाठी पुण्याला जात आणि मूळ दस्त परत यायला बराच काळ लागे. दरम्यान लोक पावती व झेरॉक्स घेऊन घरी येत आणि मूळ दस्त आणायला पुन्हा कोणी फिरकत नसे. तुमच्याकडे मूळ पावती शिल्लक आहे, याचा अर्थ दस्त हरवलेला नसून मुळात नेलाच नव्हता, असा असू शकतो. पावतीवरील क्रमांक व तारीख घेऊन संबंधित कार्यालयात चौकशी करावी. दोन वर्षांहून अधिक काळ कोणी न नेलेले दस्त नष्ट करण्याची मुभा कायद्यात आहे, त्यामुळे मूळ प्रत मिळेलच अशी आशा धरू नये. पण सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा देणारा, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात तो उतारा, आणि प्रमाणित नक्कल यांसाठी त्याच वेळी अर्ज करता येईल. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरील ई-सर्च सेवेतही शोध घेऊन पाहावा.

शेअर सर्टिफिकेटची दुसरी प्रत सोसायटी देते, पण त्यासाठी पोलिसांत हरवल्याची नोंद, वर्तमानपत्रातील जाहीर सूचना आणि नुकसानभरपाईचा बाँड एवढे सोपस्कार करावे लागतात. त्याची मागची बाजू आधी पाहा. १९९६ च्या हस्तांतरणाची नोंद, म्हणजे तुमच्या आईवडिलांचे नाव, तारीख आणि अध्यक्ष-सचिवांच्या सह्या, तिथे नसेल तर पुनर्विकासाच्या कागदपत्रांवर सह्या होण्याआधी ती करून घ्यावी लागेल. सोसायटीत सादर केलेल्या नामनिर्देशनाची पोचही याच फाइलमध्ये असावी.

विजेची जुनी बिले रद्दीत गेली तरी काही बिघडत नाही. मेंटेनन्सच्या पावत्यांपैकी प्रत्येक आर्थिक वर्षाची शेवटची, थकबाकी शून्य दाखवणारी, ठेवली म्हणजे झाले.

कागदकीड यांचे उत्तर:

मी ग्रंथालयाच्या दुर्मीळ विभागात काम केले आहे, म्हणून फक्त कागदाच्या प्रकृतीविषयी लिहितो. भावाला लॅमिनेशनपासून कृपया परावृत्त करावे. लॅमिनेशनमध्ये तापवलेले प्लास्टिक कागदाच्या तंतूंना कायमचे चिकटते आणि ते पुन्हा सोडवता येत नाही. त्यावर नवा शेरा, सही किंवा शिक्का उमटवता येत नाही, आणि स्टॅम्प पेपरचा जलचिन्हाचा भाग किंवा शिक्क्याचा उठाव बोटाने चाचपून पाहणेही अशक्य होते. शेअर सर्टिफिकेटच्या बाबतीत तर हा शुद्ध वेडेपणा ठरेल, कारण त्याच्या पाठीवर पुढच्या नोंदी व्हायच्या असतात.

टाचण्या ओढून काढू नयेत. कागद सपाट ठेवून गंजलेल्या टाचणीखाली पातळ पुठ्ठ्याचा तुकडा सरकवावा, टाचणीचे टोक हळूच सरळ करावे आणि मग ती उचलावी. घड्या उलगडल्यावर करार घडी न घालता पूर्ण आकाराच्या जाड कागदी पाकिटात, शक्यतो आम्लमुक्त कागदाच्या, ठेवावा. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नये. काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडतो आणि अक्षरांवर कायमचा डाग राहतो. स्टेशनरीच्या दुकानांत मिळणारे मऊ, चकचकीत प्लास्टिकचे फोल्डर स्वस्त असतात खरे, पण मुंबईच्या दमट हवेत झेरॉक्सची काळी शाई त्या प्लास्टिकला चिकटून अख्खे अक्षर उचलून नेते.

जागेबद्दल सांगायचे तर माळा सर्वांत वाईट, कारण गच्चीच्या स्लॅबमधून ओल तिथेच प्रथम झिरपते. न्हाणीघराला लागून असलेली भिंत आणि तळमजल्यावरील घरांत जमिनीलगतचे कप्पेही टाळावेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा पलंगाखालच्या पेट्यांचे काय झाले, हे कुर्ला-कलिन्यातील लोकांना वेगळे सांगायला नको. आतल्या भिंतीला, पण भिंतीपासून थोडे सुटे ठेवलेले लोखंडी कपाट आणि त्यातला मधला कप्पा, ही त्यातल्या त्यात बरी जागा. डांबरगोळ्या ठेवायच्या असल्यास कागदाला टेकवू नयेत. पावसाळा संपला की ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत पाकिटे एकदा उघडून पाहावीत; वाळवीने धरलेला कागद वरून शाबूत आणि आतून पोकळ असतो.

गोरेगावचा_गृहस्थ यांचे उत्तर:

वरील मतांशी सहमत आहे, परंतु लोखंडी कपाटावर मी विसंबून राहणार नाही. १९८३ चा करार आणि शेअर सर्टिफिकेट बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावे आणि लॉकर दोघांच्या नावे असावा. लॉकरमध्येही ओल येते, एवढे ध्यानात ठेवून पाकीट झिपच्या पिशवीत घालावे. आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीमुळे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच असते, आणि पूर किंवा भूकंपासारख्या नैसर्गिक आपत्तीत, बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर, तेवढीही नसते. पण येथे पैशापेक्षा कागद महत्त्वाचा असल्याने मला तरी लॉकर बरा वाटतो.

स्कॅन जरूर करावे, पण ‘स्कॅन केले, आता मूळ प्रत नको’ ही समजूत घातक आहे. डिजिलॉकरमध्ये आपण स्वतः चढवलेली प्रत ही केवळ सोयीची प्रत असते. संबंधित कार्यालयाने तिथे थेट उपलब्ध करून दिलेल्या दस्तालाच मुळाचे मोल आहे. स्कॅन करताना कोऱ्या दिसणाऱ्या मागच्या बाजूही घ्याव्यात, कारण मुद्रांक विक्रेत्याचा शिक्का बरेचदा तिथेच असतो. फाइलचे नाव वर्षापासून सुरू करावे, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. पंचायत अशी होते की घरात एकाच व्यक्तीला सगळे ठाऊक असते. कोणता कागद कुठल्या पाकिटात आहे याची एक पानी यादी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावी, आणि ती वाचून वहिनींना किंवा मुलांना तुमच्याविना कागद काढता आला पाहिजे.

पूर्वमुलुंड:

सर्वांचे मनापासून आभार. लॅमिनेशनचा विषय घरात निकालात निघाला. आणखी दोन शंका आहेत. रंगकाम-प्लंबिंगची बिले खरोखर ठेवायची का? आणि समितीचे सचिव आग्रह धरत आहेत की मूळ कागदपत्रे सर्वांनी काही दिवस सोसायटीच्या कार्यालयात जमा करावीत. ते योग्य आहे का?

दस्तऐवजी:

मूळ कागद जमा करू नयेत. मुळाशी पडताळणी करायची असल्यास समितीने किंवा विकासकाच्या वकिलांनी तुमच्या समोर ती करावी आणि कागद तिथल्या तिथे परत द्यावा. छायाप्रतींवर स्वतः सही करून ‘केवळ पुनर्विकासाच्या कामासाठी’ असे आडवे लिहावे, तारीख घालावी आणि दिलेल्या प्रतींच्या यादीवर सोसायटीच्या शिक्क्यासह पोच घ्यावी. नंतर जो कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार होईल तो नोंदवून घ्यावा. त्याच्या प्रत्येक पानावर कार्यालयाचा संक्षेप, दस्त क्रमांक, पान क्रमांक, एकूण पाने आणि वर्ष असा चौकटीचा शिक्का असतो. कुर्ला कार्यालयांचा संक्षेप ‘करल’ असा दिसेल. घरी आल्यावर त्या चौकटी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तपासाव्यात, म्हणजे एखादे पान गळले असल्यास लगेच कळते.

बिलांबाबत सरसकट उत्तर नाही. नुसत्या रंगाची आणि किरकोळ दुरुस्तीची बिले टाकून द्यावीत. घराच्या मूल्यात भर घालणाऱ्या कामांची बिले, म्हणजे ग्रिल, फरशी, नवे स्वयंपाकघर वगैरेंची, पैसे दिल्याच्या पुराव्यासह ठेवावीत, कारण विक्रीच्या वेळी भांडवली नफा काढताना सुधारणेचा खर्च वजा करता येतो. १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या घरासाठी त्या तारखेचे बाजारमूल्य खरेदीकिंमत म्हणून धरता येते, त्यामुळे तुमच्या मुलुंडच्या घराला २००१ नंतरचीच बिले उपयोगी पडतील. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराच्या विक्रीवर निवासी व्यक्तीला निर्देशांकाविना (म्हणजे खरेदीकिंमत महागाईनुसार न वाढवता) १२.५ टक्के किंवा निर्देशांकासह २० टक्के यांपैकी जो कर कमी होईल तो भरण्याची मुभा आहे. दोन्ही हिशेब करून पाहायला कागद लागतोच. उष्णतेने छापलेल्या गुळगुळीत पावत्यांची अक्षरे काही वर्षांत उडून जातात, त्यांची झेरॉक्स आजच काढावी.

कांजूरमार्गच्या फाइलमध्ये सर्वांत आवश्यक कागद म्हणजे बँकेने स्वीकारलेल्या मूळ दस्तांची शिक्कामोर्तब केलेली यादी. ती नसेल तर शाखेत लेखी अर्ज देऊन मागवा. घर पन्नास लाख किंवा त्याहून अधिक किमतीचे असेल तर विक्रेत्याच्या वतीने भरलेल्या एक टक्का टीडीएसचे (किमतीतून कापून सरकारकडे भरलेल्या कराचे) चलन व प्रमाणपत्रही तिथेच लावा. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या निर्देशांनुसार, १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत मूळ दस्त परत करणे व बोजा उतरवणे बँकेवर बंधनकारक आहे आणि तिच्यामुळे उशीर झाल्यास दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. परत घेताना प्रत्येक दस्त त्या यादीशी जुळवून मगच सही करावी. दुय्यम निबंधकाकडे गहाणाची सूचना नोंदवलेली असल्यास ती मुक्त झाल्याची नोंद आणि सरसाई या गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीतील बोजा उतरल्याचा पुरावा हे दोन कागदही त्याच दिवशी मागून घ्यावेत.