सारखाच व्यायाम, मित्र वाढला आणि मी तिथेच: अंगकाठी नाही की प्रोग्राम नाही?

हिंजवडी_नाइटशिफ्ट:
नमस्कार मंडळी. वय २९, वजन ६४ किलो. रूममेटने आणि मी दीड-दोन वर्षांपूर्वी एकाच वेळी जिम लावली. तो आज बेंचला (बाकावर आडवं पडून बार छातीवरून वर ढकलणं) ८० किलो मारतो, मी ५० वर अडकलोय. स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक) ६० च्या पुढे सरकत नाही. आमचा ट्रेनर रोज वेगळा व्यायाम देतो, म्हणतो स्नायूला सवय लागू द्यायची नाही. नेटवर बघावं तर ढीगभर प्रोग्राम आणि प्रत्येक जण आपलाच खरा म्हणतो. रूममेटचे वडील, काका सगळे थोराड. आमच्या घरात सगळे काटकुळे. मेहनतीत मी कमी पडत नाही, घरी येईपर्यंत हात वर होत नाहीत. मग आखीव प्रोग्रामने खरंच फरक पडतो का, की रक्तात असतं तेवढंच मिळतं?

भीमथडी_८८:
खरं सांगतो, राग मानू नका. आमच्या गावात एक जण आहे, जन्मात जिम बघितली नाही, शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन ट्रकवर चढवतो. मनगट बघा, खांदा बघा, तिथंच कळतं. प्रोग्राम हा विकायचा माल. पोटभर खा, जीव तोडून मारा, बाकी आई-बापांनी दिलंय तेवढंच.

वारणाकाठ:
हिंजवडी, तुमच्या प्रश्नात एक गोष्ट लिहिलेली नाही: चार महिन्यांपूर्वी स्क्वॉटला किती वजन होतं आणि किती रेप्स निघत होत्या, म्हणजे ते सलग किती वेळा उचललं जात होतं? ते सांगता येत नसेल, तर तुमची अंगकाठी कशी आहे हे आज कुणालाच सांगता येणार नाही. तुम्हालाही नाही, भीमथडींनाही नाही.

मी इचलकरंजीजवळ लहान जिम चालवतो, त्याआधी तालमीत वाढलो. पोतं उचलणारी तशी माणसं मी जवळून बघितली आहेत आणि रक्ताचा वाटा मोठा असतो हे मला मान्य आहे. २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ५८५ स्त्री-पुरुषांना १२ आठवडे एकाच हाताचा, एकच व्यायाम दिला होता. दंडाचा स्नायू कुणाचा ५९ टक्के वाढला, तर कुणाचा उलट २ टक्के कमी भरला. ताकद कुणाची तसूभरही वाढली नाही, कुणाची २५० टक्के वाढली. बाकीचे सगळे या दोन टोकांच्या मध्ये. तेव्हा तुम्ही दोघं वेगळे वाढलात यात नवल काहीच नाही.

पण हा फरक कळला कसा? सगळ्यांना आखून दिलेला व्यायाम एकच होता, आधी मोजलं, नंतर मोजलं, म्हणून. तुमच्या बाबतीत यातलं काहीच झालेलं नाही. सोमवारी मशीन, बुधवारी डंबेल, शुक्रवारी तिसरंच, यात वजन चढवायला जागाच राहत नाही. हात वर होत नाहीत म्हणजे ताकद वाढली असं नव्हे. नवा व्यायाम दिला की कुणाचंही अंग दुखतं, चांगल्या पैलवानाचंसुद्धा.

आखीव प्रोग्रामचं मूळ फार साधं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डीलॉर्म हे अमेरिकन सैन्यातले डॉक्टर शिकागोच्या लष्करी रुग्णालयात जखमी जवानांच्या गुडघ्यांवर काम करत होते. तेव्हा अशा पायाला हलक्या वजनाच्या भरपूर रेप्स देत. यांनी जड वजन दिलं. जास्तीत जास्त दहा वेळा उचलता येईल एवढं वजन शोधायचं, काही दिवसांनी पुन्हा मोजायचं आणि चढवायचं. आमचे वस्ताद जोर-बैठकांची संख्या अशीच चढवायचे, कुणाची किती ते पोराच्या अंगाकडे बघून ठरायचं, आणि मागच्या आठवड्याचा आकडा त्यांच्या तोंडपाठ असायचा. पुढच्या वेळी किती, हे आधीच ठरलेलं असणं म्हणजे प्रोग्राम. नवख्याने त्यातला कुठला घेतला याने फार थोडा फरक पडतो. तुमचा आकडा नवख्याचाच आहे, दीड-दोन वर्षं गेली असली तरी.

वर गेल्यावर मात्र हिशेब बदलतो. आमच्या सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात स्नॅच (एका दमात डोक्यावर) ११३, क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) १३५, असं २४८ किलो उचलून रौप्य आणलं, तेही मध्येच कोपर दुखावलेला असताना. सुवर्ण २४९ ला गेलं. त्या फळीवर उभं राहणाऱ्या प्रत्येकाकडे अंगकाठी असते आणि मेहनतही. तिथे एकेका किलोसाठी आठवड्याआठवड्याची आखणी लागते.

नाशिक_फिजिओ:
वारणाकाठ दादा, त्याच अभ्यासातली एक गोष्ट मी माझ्या पेशंट बायकांना नेहमी सांगते. सुरुवातीच्या ताकदीच्या मानाने बायकांची ताकद सरासरी ६४ टक्के वाढली, पुरुषांची ४०. 'आमच्या अंगात कुठे ताकद' म्हणत गुडघ्यासाठी आलेल्या काकू पंधरा किलोची कॅन जमिनीवरून नीट उचलायला लागतात तेव्हा मला हेच आठवतं.

मेहनतीबद्दल थोडं. स्नायूचा आकार वाढायला वजन हलकं की जड याने फार फरक पडत नाही, सेट (न थांबता मारलेल्या रेप्स) अगदी दमेपर्यंत नेला तर. ताकद वाढवायची असेल तर मात्र जडच उचलावं लागतं. म्हणजे मेहनत हवीच, पण ती कशासाठी हे आधी ठरवावं लागतं. आणि कुणी लाळेच्या जनुक चाचणीचे पैसे मागितले तर देऊ नका. 'वेगाचं जनुक' म्हणून गाजलेल्या एसीटीएन३ मुळे बनणारं प्रथिन जगातल्या एक अब्जाहून जास्त लोकांत तयारच होत नाही. ती माणसं धडधाकट असतात आणि त्यांचीही ताकद वाढते.

हिंजवडी_नाइटशिफ्ट:
आकडे लिहायची वही नाही, हे खरं आहे. दादा, मग उद्यापासून नेमकं काय करू? खाणं सांगतो: सकाळी पोहे, दोन्ही वेळा पोळी-भाजी, वरण-भात, रविवारी चिकन.

वारणाकाठ:
आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सुट्टी. एका दिवशी स्क्वॉट, बेंच, रोइंग (वाकून बार पोटाकडे ओढणं). दुसऱ्या दिवशी स्क्वॉट, खांद्याची प्रेस (उभं राहून बार डोक्यावर ढकलणं), डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलून सरळ उभं राहणं). आलटून पालटून. प्रत्येकाचे पाच-पाच रेप्सचे तीन सेट, डेडलिफ्टचा एकच. सेटमध्ये तीन मिनिटं बसा, घड्याळ लावून. स्क्वॉट ४५ पासून सुरू करा, ६० पासून नको. पाचही रेप्स नीट निघाल्या की पुढच्या वेळी अडीच किलो. एकाच वजनावर तीनदा अडलात तर दहा टक्के खाली या आणि पुन्हा चढा. नाइट शिफ्ट असेल तर झोप मोडून जिमला येऊ नका, तो दिवस पुढे ढकला.

खाण्यात प्रोटीन कमी आहे. वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅम धरा, तुम्हाला साधारण १०० ग्रॅम. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅमच मिळतं. चार अंडी रोजची करा, ५० ग्रॅम कोरडे सोया चंक भाजीत घाला, त्यातूनच २५ ग्रॅम येतं. दूध पचत असेल तर तेही.

सहा महिने हे वहीत लिहा. मग इथे आकडे टाका, तुमची अंगकाठी काय म्हणते ते बघू. आणि जिममध्ये सव्वा किलोच्या प्लेट आहेत का ते आधी बघा, बारच्या दोन्ही बाजूंना एकेक लावली की अडीच किलो होतात. नसतील तर मालकाला मागवायला लावा, पाच-पाच किलोच्या उड्या मारून बेंच चढत नाही.